वाचक विचारतात: जपानमध्ये जेवायला कुठे बसावं?

परदेशात बाहेर जेवणं आणि तिथल्या माणसांशी ओळख करून घेणं, या दोन्हींवर प्रश्न मागवले होते. पत्रं अनेक देशांबद्दल आली, पण जपानबद्दल इतकी की या वेळची पानं जपानलाच दिली आहेत. किमती येनमध्ये आहेत. त्या दुकानागणिक बदलतात, तेव्हा केवळ अंदाजासाठी घ्याव्यात.

आम्ही दोघं साठीच्या पुढचे, शाकाहारी. अंडंही चालत नाही. टोकियो, क्योटो, ओसाका असा बारा दिवसांचा बेत आहे. बॅग थेपल्यांनी भरायची की तिथे काही मिळेल? ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर त्यांना कळतं का?
— वाचक, नाशिक

शब्द कळतो, पण तुमचा अर्थ कळेलच असं नाही. अनेक स्वयंपाक्यांच्या लेखी ‘बेजितारियन’ म्हणजे मांसाचे तुकडे न खाणारा माणूस. तुमची अडचण तुकड्यांची नाही, पाण्याची आहे. त्या पाण्याचं नाव दाशी.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून काढतात. कात्सुओ हा कुप्याच्या जातीचा मासा. तो उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि त्याचा पातळ कीस गरम पाण्यात टाकून गाळून घेतात. काही ठिकाणी निबोशी, म्हणजे सुकवलेले छोटे मासे वापरतात. कोन्बु या समुद्री वनस्पतीची दाशी तेवढी शाकाहारी, पण ती एकटी क्वचितच वापरली जाते. मिसो सूप, उडोन या जाड शेवयांचं पाणी, सोबा या बारीक शेवया बुडवून खायची वाटी, टेम्पुरा या भज्यांबरोबरचा रस, शिजवलेला भोपळा, इनारी सुशीवरची टोफूची गोडसर पिशवी, या सगळ्यांत दाशी असते. स्वयंपाकी ते लपवत नाही. आपण भाजीत काय काय आहे सांगताना फोडणीतला हिंग मोजत नाही, तसंच हे.

म्हणून शाकाहारी आहोत एवढं न सांगता काय चालत नाही ते नावानिशी सांगा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो, तामागो मो ताबेरारेमासेन.’ मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही नाही, अंडंही नाही. जपानी जाणणाऱ्या कुणाकडून हे मोठ्या अक्षरांत जपानी लिपीत लिहून घ्या आणि बसण्याआधी, दारातच दाखवा. समोरच्यानं दातांतून श्वास आत ओढत ‘चोत्तो…’ म्हटलं की समजावं, जमणार नाही. ‘नाही’ हा शब्द ते तोंडाने उच्चारणार नाहीत. हसून आभार मानून पुढच्या दुकानाकडे वळा, आग्रह करू नका. संध्याकाळी साडेपाचला, दुकान उघडतानाच गेलात तर कार्ड वाचायला आणि विचार करायला स्वयंपाक्याला सवड असते. आठ वाजता ती नसते.

इझाकाया, म्हणजे पेयांबरोबर छोट्या बश्या मागवायची खानावळ, इथे तुमच्या कामाचं काय? एदामामे, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. हियायाक्को म्हणजे थंड टोफू, पण त्यावर कात्सुओबुशीचा कीस भुरभुरलेला असतो, म्हणून ‘कात्सुओबुशी नाशी दे’ असं सांगून मागवा. शिगेवर भाजलेल्या शिशितो मिरच्या आणि गिन्नान या गिंको झाडाच्या बिया ‘शिओ दे’, नुसत्या मिठावर मागा, कारण ‘तारे’ या गोड रसात काय पडलंय ते सांगता येत नाही. त्याच शेगडीवर कोंबडीही भाजली जाते, हे धरून ठरवा. टेम्पुरा सोडा: पिठात बहुधा अंडं, तेल कोळंबी तळलेलं. ओकोनोमियाकी हे तव्यावरचं धिरडंही सोडा, पीठ आणि सॉस दोन्ही संशयास्पद. काकडीची कप्पा माकी बहुतेक सुशीवाल्यांकडे असते.

रात्रंदिवस उघड्या दुकानांत ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, मिळते. नुसत्या मिठाची ‘शिओ मुसुबी’ त्यातल्या त्यात बरी. उमे या खारवलेल्या आंबट फळाच्या ओनिगिरीतही अनेकदा कात्सुओचा अर्क असतो. थंडीत तिथेच याकीइमो मिळतं: भाजलेलं रताळं, उपासालासुद्धा चालेल असं.

आता पोटभर जेवणाचं. बौद्ध मठांतल्या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. मांस, मासे, अंडं तर नाहीच, पण कांदा, लसूण, पात हेही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल. जैनांनी मात्र जपून, कारण मुळा, गाजर, कमळकाकडी भरपूर असते. क्योटोच्या आराशियामा भागात तेनर्यु-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’ आहे. ते फक्त दुपारी चालतं. जागा आधी राखून ठेवा आणि बागेचं तिकीट वेगळं धरा. सवड असेल तर ओसाकाहून कोयासानला एक रात्र काढा. तिथल्या पन्नासेक मंदिरांत मुक्काम करता येतो, आणि तीळ व कुझू या वेलीच्या मुळाच्या पिठापासून केलेला गोमा-दोफू तिथला खास. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला वाढतात. उशिरा पोहोचलात तर उपाशी झोपावं लागेल. टोकियो स्टेशनात, फाटकाच्या आत, ‘टीज तानतान’ या दुकानात मांस, मासे, अंडं, दूध काहीही नसलेलं रामेन, म्हणजे रसातल्या शेवया, मिळतं. ‘कोको इचिबान्या’ या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत प्राणिज घटक नसलेली करी असते, पण तिचं नाव घेऊनच मागा, कारण नेहमीच्या जपानी करीत चरबी असते. भारतीय हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, बरीचशी नेपाळी मंडळींची. डाळ मिळेल. नानच्या पिठात अंडं आहे का, ते विचारून घ्या.

थेपले न्या, पण प्रवासाच्या पहिल्या दोन दिवसांपुरते. ते कुठे खायचे, हे पुढच्या उत्तरात.

आम्ही बारा जणांचा ग्रुप. ओसाकात लागोपाठ चार दुकानांनी हातानं फुली करून परत पाठवलं, आत जागा रिकामी दिसत असताना! एका ठिकाणी घेतलं, तर लोणचं-चिवडा काढला म्हणून मालक रागावला. परकी माणसं नको असतात का?
— वाचक, डोंबिवली

बारा माणसं नको असतात. छोट्या दुकानात एकूण वीस खुर्च्या, त्यातल्या आठ काउंटरवर, टेबलं चौघांची. आत मालक आणि एक मदतनीस. बारा जणांची मागणी एकदम आली की बाकीच्या गिऱ्हाइकांचं जेवण अर्धा तास लांबतं. रिकामी दिसणारी जागा राखीवही असू शकते. बारा जणांचे चार-चारचे तीन गट करा आणि तीन शेजारच्या दुकानांत जा. नाहीतर हॉटेलच्या काउंटरवरून दोन दिवस आधी मोठ्या इझाकायात जागा राखून घ्या. राखली की वेळेवर सगळे जा. बारापैकी चार आलेच नाहीत, तर ठरलेल्या जेवणाचे पैसे बाराचेच मागतील, आणि ते रास्तच आहे. शुक्रवारची रात्र टाळा.

लोणच्याचं म्हणाल, तर ‘मोचिकोमी किन्शी’, बाहेरचं खाणं आणू नये, हा नियम जवळपास सगळीकडे असतो, पाटी असो वा नसो. कारण साधं आहे: कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदारी दुकानाची. थेपले, चिवडा, लोणचं खोलीवर, बागेत किंवा शिंकानसेन या वेगवान रेल्वेत खा. लोकल आणि मेट्रोत नको. कचरा पिशवीत भरून बरोबर न्या, रस्त्यात कचऱ्याचे डबे सापडत नाहीत.

आम्ही तिघांनी इझाकायात जे मागवलं त्यापेक्षा बिल १,३२० येन जास्त आलं. न मागवलेल्या तीन वाट्या आधीच आणून ठेवल्या होत्या. ही फसवणूक ना?
— वाचक, ठाणे

नाही, ती ओतोशी. ओसाकाकडे तिलाच त्सुकिदाशी म्हणतात. बसल्याबसल्या येणारी ती वाटी हे जागेचं भाडं असतं, माणशी साधारण ३०० ते ५०० येन. तुमचे ४४० च्या हिशेबानं तिघांचे बरोबर १,३२० होतात. वाटी न खाल्ल्यानं पैसे वाचत नाहीत. काही दुकानं आधी सांगितलं तर परत नेतात, बरीचशी नाही. शाकाहाऱ्यांनी दारातलं कार्ड दाखवतानाच ओतोशीत काय आहे ते विचारावं, म्हणजे निदान बदलून तरी देतील.

बिल फुगण्याचं दुसरं कारण कर. दुकानात बसून खाल्लं तर १० टक्के, बांधून नेलं तर ८ टक्के. २०१९ च्या ऑक्टोबरपासून असं आहे. करासकट किंमत दाखवणं बंधनकारक असलं तरी मेनूवर करापूर्वीचा आकडा मोठा आणि करासकटचा बारीक छापलेला सापडतो. बारीक आकडा वाचा.

टिप किती द्यायची?
— वाचक, कोल्हापूर

द्यायची नाही. टेबलावर ठेवलीत तर वेटर पैसे विसरलात म्हणून रस्त्यावर मागे धावत येईल. निघताना स्वयंपाक्याकडे पाहून ‘गोचिसोसामा देश्ता’, जेवणाबद्दल आभार, म्हणा.

वय सत्तावीस, जपानीची दुसरी पातळी पूर्ण. पंधरा दिवस एकटी जाणार आहे. देवळं-बागा बघायच्याच आहेत, पण खरी इच्छा तिथल्या माणसांशी बोलायची. एकटीनं बारमध्ये बसणं ठीक दिसतं का? आणि कुणी बोलेल का?
— वाचक, पुणे

एकटीनं जेवण्यात जपानमध्ये काहीच नवल नाही. एकट्या गिऱ्हाइकाला ‘ओहितोरिसामा’ असा मानाचा शब्दच आहे. अडचण वेगळी आहे: टेबलावर बसलात की एकट्याच राहाल. शेजारच्या टेबलावरच्यांशी तिथे कुणी बोलत नाही. बोलणं होतं काउंटरवर, आणि तेही सगळ्या काउंटरवर नाही. रामेनच्या दुकानात दहा-पंधरा मिनिटांत वाडगा संपवून उठायचं असतं. मागे रांग उभी असते. तिथे गप्पा म्हणजे अडथळा. उंची सुशीच्या काउंटरवर सगळे कुजबुजतात. तुम्हाला हवं ते दुकान असं: आठ-दहा खुर्च्या, समोर हात चालवणारा मालक किंवा मालकीण, आणि एकेक छोटी बशी मागवत तास-दीड तास बसणारी आसपासची माणसं.

अशा ठिकाणी मध्यस्थ मालक असतो. तुम्ही थेट शेजाऱ्याशी बोलायला लागलात तर तो अवघडतो. मालकाशी बोललात की शेजारी ऐकतो, मग मालकच त्याला म्हणतो, ‘या भारतातून आल्यात बरं का,’ आणि दार उघडतं. म्हणून क्रम असा ठेवा. दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा बाहेर टांगलेला असला की दुकान चालू. दार सरकवा, एक बोट दाखवून ‘हितोरी देस’ म्हणा, आणि ते दाखवतील त्याच खुर्चीवर बसा. कोपऱ्यातली चांगली खुर्ची रोजच्या गिऱ्हाइकाची असते. गरम ओला रुमाल येईल, तो हातांसाठी, तोंडासाठी नाही. पहिलं पेय लगेच सांगा. खाण्याचा विचार नंतर केला तरी चालतो, पण पेयासाठी ताटकळत ठेवू नका. मग ‘ओसुसुमे वा नान देस का?’, आज चांगलं काय? ते सांगतील ते मागवा, एक घास घ्या, आणि चव आवडली तर तसं मालकाला सांगा. यानंतर शेजाऱ्याच्या बशीकडे पाहून ‘सोरे वा नान देस का?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही. जवळपास प्रत्येक जण त्याचं उत्तर आनंदानं देतो.

पुढचा विषयही आपल्याच सवयीतला. ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न जपानीत ‘गो-शुश्शिन वा दोचिरा देस का?’ असा विचारतात, आणि तो अगदी सभ्य समजला जातो. गाव कळलं की तिथला प्रसिद्ध पदार्थ विचारा. जपानी माणूस गावच्या पदार्थावर अर्धा तास बोलू शकतो. वय, पगार, लग्न या आपल्या पुढच्या पायऱ्या मात्र तिथे नकोत. ‘ओइशी देस ने’ मधला ‘ने’ आपल्या ‘छान आहे ना’ मधल्या ‘ना’सारखाच वापरतात, क्रियापदही मराठीसारखं शेवटीच येतं. दुसरी पातळी पुरेशी आहे. व्याकरण चुकलं तरी बोलत राहा.

वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. मंगळवार ते गुरुवार उत्तम. नऊनंतर मंडळी चढलेली असतात आणि बाराच्या सुमारास शेवटची गाडी गाठायची घाई सुरू होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंधरा रात्री पंधरा दुकानं धुंडाळण्यापेक्षा एका दुकानात दोनदा जा. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुण्या, दुसऱ्या दिवशी नाव घेऊन हाक मारतील. प्रवास आखतानाच एका शहरात सलग चार-पाच रात्री ठेवल्या तर हे जमतं, रोज गाव बदललं तर नाही.

जागांचं सांगायचं तर ओसाका बोलण्यात सगळ्यांत मोकळं. तिथल्या ताचिनोमी, म्हणजे उभ्यानं प्यायच्या दुकानांत बशी दोनशे-तीनशे येनांपासून, आणि खांद्याला खांदा लागतो म्हणून बोलणं आपसूक निघतं. फुकुओकात नाकासु आणि तेन्जिन भागांत रात्री याताई, म्हणजे गाड्या लागतात, एकेका गाडीवर आठ-दहा जण. माणशी एक तरी पदार्थ घ्यायचा आणि रांग असेल तर उठायचं. शिकोकू बेटावर कोची शहरात ‘हिरोमे इचिबा’ आहे: साठेक दुकानं आणि मध्ये लांबलचक सामाईक बाकं. ‘कोको आइतेमास का?’, इथे कुणी आहे का, एवढं विचारून बसायचं. अनोळखी लोकांशेजारी बसणं हीच तिथली रीत आहे, आणि बुजऱ्या माणसानं सुरुवात तिथूनच करावी असं आमचं मत आहे. टोकियोच्या शिंजुकूतल्या गोल्डन गाईचं नाव सगळे घेतात. दोनशेहून जास्त चिमुकले बार आहेत, पण बहुतेकांत बसण्याचेच ५०० ते १,५०० येन द्यावे लागतात, आणि काही फक्त ओळखीच्यांसाठी असतात. दारावर दर लिहिलेत तिथेच जा.

सुरक्षिततेचा एक नियम पाठ करा: रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे जायचं नाही. शिंजुकूच्या काबुकिचोत तर भोंग्यांवरून हेच सतत बजावत असतात. चांगल्या दुकानाला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही. बाहेरून आत दिसेल, आत एखादी तरी बाई बसलेली असेल, असं दुकान निवडा. पेला सोडून उठू नका. कुणी फार जवळीक करू लागला तर मालकाकडे पाहून ‘ओकाइकेई ओनेगाइशिमास’ म्हणा, पैसे द्या, निघा. बिल मागणं हे तिथे निघण्याचं पुरेसं कारण आहे. अडचण आलीच तर कोपऱ्यावरची कोबान, म्हणजे पोलीस चौकी, नाहीतर ११० हा क्रमांक. लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, हजाराच्या नोटा ठेवा.

आणि दारूच्या वासाशिवाय ओळखी हव्या असतील तर अनेक शहरांत ‘गुडविल गाइड’ स्वयंसेवक असतात. ते पैसे घेत नाहीत. त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण करायचं. दोन आठवडे आधी कळवा. दुपारचं ते जेवण म्हणजे दीड तासाची हक्काची गप्पा.

आम्ही कोकणातले, मासे रोज. पण गोमांस आणि डुकराचं मांस नको. शिवाय दारातल्या तिकीट-यंत्रांची धास्ती वाटते.
— वाचक, रत्नागिरी

तुमच्यासारखी चैन जपानमध्ये कुणाची नाही. दुपारी ‘याकीझाकाना तेइशोकु’ शोधा: भाजलेला मासा, भात, मिसो, लोणचं, साधारण हजार येनांत. साबा म्हणजे बांगड्याच्या कुळातला, इवाशी म्हणजे तारलीसारखा, इका म्हणजे माकुळ. फसगत होते ती मांस दिसत नाही अशा पदार्थांत. ‘हानबागु’, म्हणजे खिम्याची टिक्की, बहुधा गाय-डुक्कर मिसळून करतात, करीच्या वड्यांत गोमांसाची चरबी असते, रामेनचं पाणी डुकराच्या हाडांचं असू शकतं. ‘ग्यु’ म्हणजे गाय, ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘तोरी’ म्हणजे कोंबडी, हे तीन शब्द पाठ असले की पुरे.

यंत्राचं तंत्र सोपं आहे. आधी पैसे, मग बटण. पैसे टाकले नाहीत तर बटणं पेटत नाहीत, आणि यंत्र बिघडलंय असं वाटून लोक परत फिरतात. डावीकडचं वरचं बटण बहुधा दुकानाचा मुख्य पदार्थ. लाल फुली पेटली असेल तर संपलंय. तिकीट पडलं की सुट्टे आपोआप पडतीलच असं नाही, काही यंत्रांत खटका दाबावा लागतो. उरलेले पैसे तसेच राहतात ते इथे. जुनी यंत्रं फक्त हजाराची नोट घेतात, आणि त्यातली काही जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा घेत नाहीत. आत सांगितलंत तर बदलून देतात. तिकीट काउंटरवर ठेवा, झालं.

तीन महिन्यांसाठी नागोयाला कंपनीच्या कामावर जातोय. ऑफिसनंतरच्या पार्ट्यांना गेलं नाही तर मैत्री होत नाही म्हणतात. मी दारू पीत नाही, आणि सगळे एकाच बशीतून खातात ते उष्ट्याचं काय?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

त्या पार्टीला नोमिकाई म्हणतात. जा, आणि पिऊ नका. बसल्यावर सगळ्यांसाठी बिअर सांगितली जाते तेव्हाच ‘ओसाके वा नोमेमासेन, ऊलोंग-चा ओनेगाइशिमास’, मी दारू पीत नाही, ऊलोंग चहा द्या, असं म्हणा. न पिण्यात काही गैर नाही. उलट, कानपाईच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पेले उंचावण्याच्या, आधी घोट घेणं ही मोठी चूक आहे. सगळ्यांच्या हातात पेला येईपर्यंत थांबायचं. पेल्याला पेला टेकवताना वरिष्ठाच्या पेल्यापेक्षा आपला किंचित खाली.

न पिणाऱ्याला मैत्रीची सोपी वाट म्हणजे ओतणं. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात, बाटली दोन्ही हातांनी धरून. शेजाऱ्याचे पेले रिकामे होऊ दिले नाहीत तर तुम्ही काय पिताय इकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमचा पेला भरून ठेवलात की आणखी ओतणार नाहीत.

उष्ट्याची कल्पना त्यांच्याकडेही आहे. मोठ्या बशीबरोबर वाढायच्या वेगळ्या काड्या येतात, तोरिबाशी. नसतील तर ‘तोरिबाशी ओनेगाइशिमास’ म्हणून मागा, कुणाला गैर वाटणार नाही. प्रत्येकापुढे छोटी ताटली असते, तिच्यात घेऊन खायचं. खाण्याच्या काड्या उलट्या करून वाढणं आपल्याला स्वच्छ वाटतं, त्यांना नाही, कारण तिथे हात लागलेला असतो. दोन गोष्टी मात्र कधीच नाही. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तो मृताला ठेवलेल्या भाताचा प्रकार. पिंडाच्या भाताला आपण जसं जपतो तसं. आणि काड्यांनी धरलेला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही, कारण तिथे दहनानंतर अस्थी काड्यांनी वेचतात आणि तशाच हातोहात देतात.

पैसे बहुधा वारिकान, सारखे वाटून. तुम्ही चहाच प्यायलात तरी. ४,००० येनांच्या आसपास धरा, सुट्ट्या नोटा ठेवा, आणि संयोजकाशी घासाघीस नको. दोन तासांनी पहिली फेरी संपते, मग निजिकाई, दुसरी बैठक. तिला न जाता घरी जाणं पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाचं बोलण्याआधी, ‘किनो वा आरिगातो गोझाइमाश्ता’, कालबद्दल आभार, म्हणा. हे विसरलं तर आदल्या रात्रीचं अर्धं पुण्य गेलं. बरोबर कुणी विद्यार्थी असेल तर सांगून ठेवा: सज्ञान वय २०२२ पासून अठरा झालं असलं तरी दारूचं वय वीसच आहे.

गेल्या वर्षी क्योटोत एका जोडप्याशी छान ओळख झाली. ‘परत भेटूया, जेवायला जाऊ’ म्हणाले. दोनदा मेसेज केला तर गोलगोल उत्तरं. आमचं काय चुकलं? पुन्हा जातोय, भेट म्हणून काय नेऊ?
— वाचक, सांगली

काही चुकलं नाही. ‘कोन्दो नोमी नि इकिमाशो’ हे वाक्य म्हणजे आपलं ‘या एकदा निवांत घरी’. म्हणणारा मनापासून म्हणतो, पण कुणी डायरी काढत नाही. खरं आमंत्रण तारखेनं ओळखावं. तारीख तुम्हीच द्या, आणि नकाराला जागा ठेवून: ‘आम्ही १२ ते १५ एप्रिल क्योटोत आहोत, दुपारचं जेवण जमलं तर आनंद, नाही जमलं तरी हरकत नाही.’ दोन आठवडे आधी, एकदाच. दुपारचं सुचवा; संध्याकाळचा वेळ मागणं तिथे जास्त वाटतं. घरी बोलावतील ही अपेक्षा नको, घरं लहान असतात आणि पाहुण्यांना बाहेर नेण्याचीच पद्धत आहे. संपर्कासाठी तिथे ‘लाइन’ हे ॲप चालतं, ते आधी फोनवर घ्या. हाक मारताना आडनावापुढे ‘सान’ लावा, स्वतःच्या नावाला कधी नाही. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

भेट लहान हवी. मोठी दिलीत तर परतफेडीचं ओझं त्यांच्यावर येतं. एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेली चिक्की, खारे काजू किंवा चहाची छोटी पुडी छान. ताजी फळं नेऊ नका. आंब्याची पेटी विमानतळावरच अडवतील. मांसाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. वस्तू चांगल्या कागदात बांधा आणि पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्या. त्यांनी समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

बोलायला विषय हवा असेल तर दोन सुचवतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली पुणे-ओकायामा मैत्री बाग आहे, पु. ल. देशपांड्यांच्या नावाची, तिचे फोटो फोनमध्ये ठेवा. आणि टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, आणि नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा असतो. हे अनेक जपानी लोकांनाही माहीत नसतं, त्यामुळे त्या जेवणात निदान एकदा तरी सांगणारे तुम्ही असाल.